पाण्यात हात बुडवून बसलेले चाचा

हबीबचाचा पहिल्यांदा आमच्या दर्यापूरच्या घरी आले, तेव्हा रामराम नाही, नमस्कार नाही, खुर्ची दिली तर बसले नाहीत. सरळ मागच्या अंगणात गेले, टाक्याच्या काठावर उकिडवे बसले आणि नाक पाण्याच्या अगदी जवळ नेलं. मी मागं उभी. म्हटलं, हा माणूस वाकून पडतो की काय आता. तेवढ्यात ते मान वर न करताच म्हणाले, "कोनं ओतलं हे?"

"काय?"

"ॲसिड. बाटलीच्या बाटली ओतली कोनीतरी."

"नागपूरच्या कंपनीचा माणूस आला होता. त्यानं."

"त्याच्या घरी वरनात मीठबी असंच टाकते का तो? पुडा फोडला अन् ओतला?"

मी हसले. त्या दिवसांत मी हसले, हीच मोठी गोष्ट होती. घरात चार महिने कोणी हसलं नव्हतं.

झालं असं होतं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे हे अमरावतीहून मोटरसायकलवर येताना पडले. मणक्याला मार बसला. ह्यांचं गावात कृषी केंद्र, दिवसभर उभं राहून बोलणारा माणूस, तो कमरेखाली लाकूड होऊन पडला. नस पूर्ण तुटली नव्हती. अमरावतीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "पहिलं वर्ष सोडू नका. जे यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. पाण्यात उभं करा, पाण्यात चालवा, रोज चालवा." म्हणजे पुढच्या पोळ्यापर्यंत. मी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, मला आकडे कळतात. दवाखान्यातच तीन महिने गेले होते.

रोज अमरावतीला नेणं शक्य नव्हतं. म्हणून मागच्या अंगणात टाकं बांधलं. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, छातीएवढं खोल, दोन्ही बाजूंनी धरायला स्टीलचे दांडे आणि खुर्ची उतरवायला उतार. गाव त्याला स्विमिंग पूल म्हणायचं. "दर्यापुरात प्याले पानी नाही, अन् सुधाकरराव पोहून राहिले!" असं एक बाई माझ्या तोंडावर बोलली. मी म्हटलं, "बाप्पा, या ना मग, बसा त्यांच्या खुर्चीवर, मी तुम्हाला पोहवते." पुन्हा कोणी माझ्यासमोर बोललं नाही. मागं बोलत असतील.

ब्लिचिंगच्या वासानं ह्यांना दम लागायचा, म्हणून मिठाचं टाकं केलं. पाण्यात मीठ विरघळवायचं, ते पाणी पंपानं एका पेटीतून फिरवायचं. पेटीत वीज असते, ती त्या मिठातूनच लागेल तेवढा क्लोरीन काढते. ऐकायला सोपं. पण पाणी जरा आम्लाकडं गेलं की कातडीला झोंबतं आणि आम्लारीकडं गेलं की क्लोरीन असून नसल्यासारखा. रोज त्याला मध्यावर ठेवावं लागतं. कंपनीच्या माणसाला ते जमेना. मग कोणीतरी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या हबीबचाचांचं नाव सांगितलं.

चाचा अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नळ्या धुणं, बाटल्या भरणं, पोरांनी फोडलेली काच उचलणं यात बत्तीस वर्षं काढली. "पोट्टे तीन वर्षांत पास होऊन गेले, मी बत्तीस वर्षं त्याच वर्गात," असं सांगायचे. निवृत्त झाल्यावर अकोल्यातल्या एका हॉटेलाचा आणि अमरावतीजवळच्या एका फार्महाऊसचा स्विमिंग पूल सांभाळायचे. तिसरं आमचं टाकं. बुधवारी आणि शनिवारी सकाळच्या बसनं यायचे. उंच, वाळकी काठी, डोक्यावर पांढरी टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा. त्यातली डावी बाही मनगटापर्यंत बटण लावून आणि उजवी कोपरापर्यंत दुमडलेली. बाराही महिने तशीच.

त्या दुमडलेल्या बाहीचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं. नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून झाले, रंग पाहून झाला, ॲसिड किती नि सोडा किती ते ठरलं. मला वाटलं, झालं. तर चाचा काठावर मांडी घालून बसले आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला. डाव्या हातातल्या घड्याळाकडं बघत बसून राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मी चहा घेऊन उभी.

"चाचा, काय करून राहिले?"

"दहा मिनिटं थांबा, बाई."

दहा मिनिटांनी हात काढला, कोपराच्या आतली नाजूक कातडी उजेडात धरून पाहिली, बोटानं दाबली, वास घेतला. मग म्हणाले, "उतरवा भाऊले. भाऊच्या पायाले झोंबलं तरी त्याले समजनार नाही. माह्या हाताले समजते."

मी चहा तिथंच ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि रडून घेतलं. पाच डॉक्टर झाले होते, दोन कंपन्या झाल्या होत्या. ह्यांच्या पायाला कळत नाही, तर दुसऱ्या कुणाला तरी कळलं पाहिजे, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक बुधवारी, प्रत्येक शनिवारी, त्यांचा हात दहा मिनिटं पाण्यात. मधल्या दिवसांत मी बुडवायचा, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. मी बुडवायची. कधी दहा मिनिटं, कधी चार. शाळेची घाई असली की बोटं बुडवून काढायची. खरं तेच सांगते.

दुसरी त्यांची खोड म्हणजे अर्धं. ॲसिड एक लिटर लागणार असं ठरलं, की ते अर्धा लिटर टाकायचे, तेही बादलीभर पाण्यात मिसळून, टाक्याच्या चारही बाजूंनी फिरत. मग पंप चालू ठेवून सावलीत बसायचे. दोन तासांनी पुन्हा नळी, पुन्हा थेंब, आणि मग उरलेल्यातलं अर्धं. "पान्याले आपलं म्हननं समजाले वेळ लागते, बाई. टाकलेलं काढता येत नाही." ह्यांना वैताग यायचा. खुर्चीत अंगावर टॉवेल घेऊन बसलेले, पाण्यात जायला अधीर. म्हणायचे, "चाचा, टाका ना एकदाचं पूर्न! माहा जनम चालला अठी!"

"अर्धं भाऊ, अर्धं."

चहासुद्धा अर्धा कप. पूर्ण कप दिला तर अर्धा बशीत ओतून परत द्यायचे. खुर्चीवर बसले तर अर्ध्याच खुर्चीवर, कडेला. एकदा ह्यांनी विचारलं, "चाचा, लगन तरी पूर्न केलं का?"

चाचा नळी उन्हात धरून रंग पाहत होते. तिथूनच म्हणाले, "अर्धं म्या केलं, भाऊ. अर्धं तिनं केलं."

हे इतके हसले की खुर्ची हलली. अपघातानंतर त्या दिवशी मी ह्यांना पहिल्यांदा पोट धरून हसताना पाहिलं. चाचा मात्र गंभीर. आपण विनोद केला हे त्यांना नंतर कळलं असावं, कारण बसस्टँडवर जाताना एकटेच गालातल्या गालात हसत गेल्याचं शेजारणीनं सांगितलं.

नळीतला रंग ताडून बघायला त्या औषधाच्या डबीसोबत छापील कागद येतो. चाचांचा विश्वास त्यावर नव्हता. "उन्हानं त्याचा रंग उडते. लाल गुलाबी होते, अन् आपन फसतो." त्यांच्या खिशात एक पुठ्ठा असायचा. त्यावर पिवळ्यापासून गडद लालपर्यंत रेशमी दोऱ्याच्या सात पट्ट्या गुंडाळलेल्या. चाची कशिदा करायच्या, त्यांच्या पेटीतून चाचांनी एकेक दोरा निवडून काढला होता, जुन्या कॉलेजात जाऊन खऱ्या द्रावणाशी जुळवून. चौथा दोरा आला की पाणी बरोबर. नळी नि दोरा शेजारी धरून मला विचारायचे, "बाई, तुमची नजर चांगली हाय. चौथा की पाचवा?" मी चौथा म्हटलं तरी ते स्वतः पुन्हा पाहायचे.

मार्चपर्यंत हे दांडा धरून पाण्यात उभे राहायला लागले. एप्रिलमध्ये पहिलं पाऊल पडलं. त्या दिवशी मी शाळेत होते, आल्यावर कळलं. मग रोजचा हिशेब सुरू झाला, तीन पावलं, पाच, आठ. मे लागला त्या आठवड्यात चौदा पावलं झाली. बुधवार होता. मी काठावर, चाचा काठावर, हात अजून पाण्यातच. हे दांडा धरून एकेक पाय ओढत पुढं सरकत होते, तोंड लालबुंद, कपाळावरच्या शिरा वर आलेल्या. चाचा मोठ्यानं मोजत होते. बारा. तेरा. चौदाव्या पावलाला ह्यांनी दांडा सोडला. दोन्ही हात वर. दोन श्वासांएवढे उभे होते, कशालाही न धरता, आणि मग चाचांनी ओरडून सांगितलं, "बस, भाऊ! धरा! आजचं अर्धं झालं!"

हे दांडा धरून रडत होते. मी रडत होते. चाचांनी तोंड दुसरीकडं केलं आणि नळ्या धुवायला लागले. त्या दिवशी पोळ्याला अजून साडेतीन महिने होते. मला वाटलं, आपण जिंकतो आहोत. देवाशपथ तसंच वाटलं.

आता जे सांगायचं आहे, ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन असं तापलं की टाक्यातलं पाणी रोज बोटबोट उडून जायचं. चाचा त्यात फक्त नळाचं, धरणाचं गोडं पाणी टाकायचे. पण नळ आठवड्यातून एकदा यायला लागला. टँकरवाला फोन उचलेना. पाणी पंपाच्या तोंडाच्या खाली गेलं, पंप बंद करावा लागला. पंप बंद म्हणजे पेटी बंद, पेटी बंद म्हणजे क्लोरीन बंद. बुधवारी चाचांनी पाहिलं आणि सांगितलं, "भाऊले उतरवू नका. तीन दिवस फकत. शनिवारी मी अकोल्याहून टँकर घेऊनच येतो, त्यातच बसून येतो."

तीन दिवस. ऐकायला काय वाटतं? पण गुरुवारी सकाळी ह्यांनी पलंगावर पडून उजवा पाय उचलून पाहिला, तो उचलला नाही. आदल्या दिवशी चार बोटं उचलला होता. पुन्हा पाहिलं. पुन्हा नाही. मग हे भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "गेलं वापस. सगळं वापस गेलं." एवढंच बोलले आणि पांघरूण तोंडावर ओढलं. मेच्या उन्हात पांघरूण.

मी अंगणात आले. अंगणात आमची बोअर आहे. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना सांगते, दर्यापूर, अकोल्याची ही पूर्णेकाठची काळी जमीन म्हणजे खारपाण. खालचं पाणी खारट. चहा केला तर दूध फाटतं, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. बोअरचं पाणी आम्ही भांड्यांना आणि संडासाला वापरतो. मी त्या बोअरकडं पाहिलं, टाक्याकडं पाहिलं, आणि मनात म्हटलं, अगं, हे तर मिठाचंच टाकं आहे. एरवी आपण पोत्यानं मीठ आणून पाणी खारट करतो. इथं देवानं खारट करूनच ठेवलंय. मी बोअरचा पाइप टाक्यात सोडला आणि मोटर चालू केली.

सहा तास पाणी पडत होतं, मग पंपही लावला. ह्यांना सांगितलं, गावातला टँकर आला. हे एकदम उठून बसले.

गुरुवारी संध्याकाळी हे पाण्यात उतरले. शुक्रवारी दोनदा उतरले, दीड-दीड तास, बुडालेले दिवस भरून काढायला. शुक्रवारी पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं. मला वाटलं, नवीन पाणी आहे, बसेल खाली. पाण्यात कोणीतरी दहा मिनिटं हात बुडवून बसायला हवं होतं. चाचा नव्हते, आणि मी बसले नाही.

आमच्या खारपाणात नुसतं मीठ नसतं. सोडा असतो, चुना असतो, आणखी काय काय असतं. तो चुना पेटीच्या पत्र्यांवर बसला आणि क्लोरीन बंद पडला. टाक्याच्या तळाला खरखरीत थर धरला. ह्यांच्या टाचा त्या थरावर दीड-दीड तास घासत होत्या आणि टाचांना कळत नव्हतं. सातवीच्या वर्गात निळा लिटमस लाल करून दाखवते, लाल निळा करून दाखवते, पोरांकडून टाळ्या घेते मी. पण आपल्या बोअरच्या पाण्यात लिटमस बुडवून पाहावा, हे मला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी ह्यांच्या दोन्ही टाचांची कातडी सोलून निघालेली होती आणि अंगात ताप होता. मी फडकं गुंडाळत होते, तेव्हा टँकरचा आवाज आला. चाचा ड्रायव्हरशेजारून उतरले आणि नेहमीसारखे सरळ मागं गेले. मी मागोमाग. त्यांनी नाक पाण्याजवळ नेलं. नळी भरली, थेंब टाकले. पाणी त्यांच्या सातव्या दोऱ्याच्याही पुढं गडद झालं. मग त्यांनी बोटाचं टोक जिभेला लावलं आणि थुंकले.

"बाई, हे बोअरचं हाय."

"हो."

"भाऊ उतरले यात?"

"तीनदा."

चाचा मटकन खाली बसले. उकिडवे नाही, मांडी घालून नाही, पाय पसरून, जमिनीवर. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमी मास्तरीन हा ना हो, बाई." रागावले असते, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज फक्त थकलेला होता.

तेवढ्यात आतून ह्यांची हाक आली. "चाचा आले काय? इकडं या! काय टाकलं होतं पान्यात?"

आम्ही दोघं आत गेलो. ह्यांनी फडकं सोडून टाच पुढं केली होती. मी म्हटलं, "अहो, ऐका, मी..."

"माह्या हातून झालं, भाऊ," चाचा म्हणाले. माझ्या बोलण्यावरून, मोठ्यानं. "बुधवारी सोडा टाकला. बसची घाई होती. पूर्न माप एकदम ओतलं."

हे त्यांच्याकडं बघत राहिले. मीही. ज्या माणसानं पूर्ण कप चहा कधी घेतला नाही, तो माझ्या दारात उभा राहून सांगत होता की मी पूर्ण माप ओतलं.

"माहे पाय होते ते, चाचा," हे हळू म्हणाले. मग आवाज चढला. मग शिव्या. आईवरून, बापावरून, जातीवरूनसुद्धा, ज्या ह्यांच्या तोंडातून मी पंचवीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. चाचा खाली मान घालून ऐकत होते, उजवी बाही दुमडलेली, हातावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. "चालते व्हा. पुन्हा या घराची पायरी चढले तं तंगडं तोडीन." चाचांनी मान हलवली. मागं जाऊन नळ्या धुतल्या, पुसल्या, डबीत लावल्या, आणि गेले.

मी बोलले नाही. दाराची कडी धरून उभी होते. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. ते मला बोलता आलं नाही. माझ्याकडं चांगलं कारण होतं असं म्हणणार नाही. मी भ्याले, बस्स.

अमरावतीच्या दवाखान्यात जखमा चिघळल्या. मांडीची कातडी काढून टाचांना लावली. ह्यांनी पलंगावरूनच फार्महाऊसच्या मालकाला फोन केला, अकोल्याच्या हॉटेलवाल्याला केला. "त्या म्हाताऱ्याले ठेवू नका, आंधळ्यावानी औषध ओतते." मी शेजारी बसून मोसंबी सोलत होते. दोन्हीकडून चाचांचं काम गेलं. हे मी कानांनी ऐकलं आणि मोसंबीची फोड ह्यांच्या हातात दिली.

जखमा भरल्या तेव्हा पोळा आठ दिवसांवर आला होता. पुन्हा टाक्यात उतरवलं. अमरावतीचा एक नवा माणूस मशीन घेऊन यायचा, पाणी चांगलं ठेवायचा. चौदाची चार पावलं झाली होती. पोळ्यानंतर चारच राहिली. दिवाळीपर्यंत दोन. पाण्याबाहेर हे कधी उभे राहिले नाहीत. मी डॉक्टरांना एकदा एकटीच भेटले, विचारलं, मध्ये ते तीन महिने गेले नसते तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही, मॅडम." हे ‘सांगता येत नाही’ मी रोज घेऊन झोपते नि रोज घेऊन उठते. चालले असते, असं कोणी म्हटलं असतं तर मी विहीर जवळ केली असती. नसते चालले म्हटलं असतं तर शांत झोपले असते. दोन्ही मिळालं नाही.

दोन वर्षांनी भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला अकोल्याला गेले. बाकीच्या बायकांना दुकानात बसवलं आणि ऑटो करून जुन्या शहरात गेले. "कॉलेजवाले हबीबचाचा" म्हटल्यावर एका पानवाल्यानं घरापर्यंत आणून सोडलं. चाची लाकडी चौकटीत कापड ताणून कशिदा करत बसल्या होत्या. चाचा बाजेवर. आणखी वाळले होते, खोकत होते. मला बघून उठले, टोपी नीट केली.

"या बाई, या. पेटी घासते का तो नवा मानूस? महिन्यातून एकदा घासाले पायजे."

"घासतो."

"चौथ्या दोऱ्यावर हाय ना पानी?"

"त्याच्याकडं मशीन आहे, चाचा."

"हौ, मशीन." मग खोकला आवरून, "भाऊ किती चालते आता?"

मी म्हटलं, "नाही चालत." चाचांनी उजव्या हाताकडं पाहिलं, तो मांडीवर उलटा ठेवला आणि चाचींना चहा टाकायला सांगितलं. काम काय करता विचारलं, तर म्हणाले, मशिदीचा हौद पाहतो, दुसरं कोणी बोलावत नाही.

निघाले तेव्हा चाचा मोर्णा नदीच्या पुलापर्यंत सोडायला आले. दहा पावलं चालायचे, थांबून खोकायचे, पुन्हा दहा पावलं. पुलावर मला ते सहन झालं नाही. भर रस्त्यात त्यांचे पाय धरायला वाकले. ते दोन हात मागं सरकले.

"चाचा, मी आज घरी जाऊन ह्यांना सगळं सांगते. मीच केलं म्हणून सांगते. तुमच्यावरचा हा डाग..."

"नाही!"

मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. पुलावरून जाणारी माणसं वळून पाहायला लागली. चाचा कठड्याला धरून उभे राहिले, श्वास घेतला.

"काहून सांगता? कोनाचा फायदा? पाय येतीन का भाऊचे? त्याले शिव्या द्याले कोनीतरी पायजे, बाई. नाही तं तो सोताले खाईन. मले शिव्या देते, अन् भाकर तुमच्या हातची खाते. तुमाले शिव्या द्याले लागला तं भाकर कोनाच्या हातची खाईन? सांगा ना. कोनाच्या?"



"अन् अर्धी चूक माही हायेच," चाचा म्हणाले. "बोअरचं पानी टाकू नका, असं म्या कदी म्हनलं नाही. मनात यायचं, खारपानातच जन्मलेल्या मानसाले खारपान काय सांगाचं?"

त्यांनी ऑटो थांबवला, ड्रायव्हरला कुठं सोडायचं ते सांगितलं, आणि वळले. मी मागच्या काचेतून बघत होते. कठड्याला उजवा हात लावत लावत ते चालले होते. बाही दुमडलेली. मध्येच थांबले, खोकले, पुन्हा चालायला लागले. समोरून एक हातगाडी आली आणि मग ते दिसले नाहीत.

मी ह्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. चाचांचं ऐकलं म्हणून, की मला तेच हवं होतं म्हणून, ते मी स्वतःला विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी चाचींचा फोन आला. हे जेवत होते.

"कोनाचा फोन?"

"अकोल्याहून. हबीबचाचा गेले."

ह्यांचा घास हातातच राहिला.  मला वाटलं, आता हा माणूस चार चांगले शब्द बोलेल, आणि मग मला सगळं सांगावंच लागेल.

"गेला," हे म्हणाले. "माहे पाय घेऊन गेला म्हातारा."

मग घास तोंडात घातला, नीट चावला, आणि ताट माझ्याकडं सरकवलं. मी तव्यावरची गरम भाकर त्यात वाढली.